अजून एक पापुद्रा

फार जुनी म्हणावी इतकी ही गोष्ट जुनी नाही, आणि कालपरवाचीही नाही. मधल्याच कुठल्यातरी काळात, समुद्रकाठच्या एका गावात एक मोती सोलणारा राहत होता.

मोती सोलतात हे ऐकून हसू येईल. कांदा सोलावा, लसूण सोलावा, मोती कसला सोलायचा? पण मोतीसुद्धा पापुद्र्यापापुद्र्यानंच वाढतो. शिंपल्याच्या पोटात काहीतरी खुपतं, मग शिंपला त्यावर एक लेप चढवतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. वर्षानुवर्षं त्याचं हेच चाललेलं असतं. कधीकधी सगळ्यात वरचा लेप मळकट निघतो आणि त्याच्याखाली चांगला मोती दडलेला असतो. तो मळका पापुद्रा बारीक सुरीनं काढायचा आणि खाली ओरखडा उमटू द्यायचा नाही, हे काम त्या गावात एकाच माणसाला येत होतं.

चाळीस वर्षं तो हेच करत आला होता आणि आता थकला होता. मान आखडायची, उजेडाकडे बघितलं की डोळ्यांतून पाणी यायचं. लोक म्हणायचे, म्हातारा वयानं थकला. पण त्याचा थकवा वयाचा नव्हता, आणि हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मोत्यांचे नखरे त्याला सगळे माहीत. राईएवढे बारीक मोती ओंजळीनं मिळत, ते वैद्याच्या खलात जात. काहींची पाठ शिंपल्यालाच चिकटलेली असे, ते जन्मभर अर्धेच. काही बटणासारखे चपटे, कुडीत बसवायला बरे. काही थेंबासारखे लांबट, लोलकाला शोभणारे. वेडेवाकडे तर किती! त्यात कुणाला गणपती दिसायचा, कुणाला बदक. आणि शेकडो शिंपले उघडावेत तेव्हा एखादाच पुरता गोल निघायचा, जो पितळी ताटात सोडला की थांबायचं नाव घ्यायचा नाही.

पण गोल असला म्हणजे झालं असंही नाही. मोत्याला पाणी लागतं. पाणी म्हणजे चकाकी नव्हे. घासूनपुसून चकाकी कशालाही आणता येते, घरच्या तांब्यालासुद्धा. मोत्याचं पाणी आतून येतं, जणू आत कुणी दिवा लावून ठेवलाय. गोल, मोठा, डाग नसलेला आणि वर पाणीदार, असं चारही गोष्टींचं एकाच मोत्यात जमणं कठीण. त्याला तसाच जोड मिळणं तर त्याहून कठीण. व्यापारी एका मोत्याचा जोड शोधत म्हातारे होत.

सोलणाऱ्यासाठी त्या गावात एक नियम होता. फार पूर्वी म्हणे कुणी एक सोलणारा एका व्यापाऱ्याशी संगनमत करायचा. चांगला मोती अर्ध्यावर आला की गरीब मालकाला म्हणायचा, “पुरे, खाली काही नाही.” मालक तो मातीमोल विकून टाकायचा, व्यापारी घ्यायचा, आणि मग दोघं मिळून खालचा मोती काढायचे. ते उघडकीला आलं तेव्हा पंचांनी ठरवलं की सोलणाऱ्यानं सल्ला द्यायचाच नाही. एक पापुद्रा काढायचा, मोती तांबड्या फडक्यावर मालकापुढे ठेवायचा आणि एकच शब्द विचारायचा, “पुरे?” मालक “पुरे” म्हणाला तर सुरी खाली. मालक “काढा” म्हणाला तर पुढचा पापुद्रा. यापलीकडे तो बोलला, तर त्याची सुरी पंचांकडे जमा.

तरुणपणी म्हाताऱ्याला हा नियम काचायचा. त्याला बोटांनी कळायचं की आत काय आहे. पुढे त्याच नियमाची त्याला सवय झाली, आणि त्यापुढे तर तो सोयीचा वाटू लागला. मोती बिघडला तरी “मी विचारलं होतं” म्हणून हात वर करता यायचे. अडचण एवढीच, की वेळेवर “पुरे” म्हणणारा माणूस त्याला चाळीस वर्षांत क्वचितच भेटला. मोत्याला पाणी दिसू लागलं की माणसाला वाटायचं, एका पापुद्र्यात इतकं, तर आणखी एकात किती! मग काढा. अजून एक काढा. म्हातारा विचारायचा, ते काढा म्हणायचे, आणि शेवटी फडक्यावर मसुरीएवढा काळा खडा उरायचा. काढलेले पापुद्रे वैद्य भस्मासाठी घेऊन जायचा.

अशा मालकांतला एक माणूस म्हाताऱ्याच्या मनातून जात नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी लेकीच्या नथीसाठी तो मोती घेऊन आला होता. दुसऱ्या पापुद्र्याला मोत्यावर असं पाणी आलं की म्हाताऱ्याचाच श्वास अडकला. त्याच्या बोटांना कळलं होतं की खाली आता चिखल आहे. तरी त्यानं फक्त विचारलं, “पुरे?” बाप हरखून म्हणाला, “काढा, अजून एक.” मोत्याची माती झाली, तरी तो माणूस रडला नाही, भांडला नाही. रिकाम्या फडक्याच्या त्यानं नीट चार घड्या घातल्या, आत काहीतरी असल्यासारखं ते कमरेला खोचलं आणि म्हणाला, “तुम्ही विचारलं होतंत. तुमचा काय दोष?” आणि निघून गेला. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं म्हाताऱ्याला त्या दिवसापासून वाटत आलं होतं.

तर अशा त्या थकलेल्या म्हाताऱ्याकडे एके दिवशी सकाळी एक पाणबुड्याची बायको आली. बरोबर गावातला मोत्यांचा व्यापारी होता. गुडघाभर पाण्यात उतरायचं झालं तरी तो जोडे दुसऱ्याच्या हातात देणारा गृहस्थ, पण मोत्याचा वास लागला की उन्हातान्हात पायी यायचा.

बाईनं पदराची गाठ सोडली. आत चिंचोक्याहून मोठा, करड्या रंगाचा एक मोती होता.

“आजोबा, नवऱ्यानं वर आणलेला हा शेवटचा,” ती म्हणाली. “त्याच्या कानातनं रक्त येतंय. वैद्य म्हणतो, पुढच्या मोसमात खाली गेला तर वर येईलच असं नाही. मला एक होडी पायजे. त्यानं वरनं जाळं टाकावं, मासे धरावेत, काय वाटेल ते करावं. खाली जाऊ नये एवढंच.”

“आणि मोती नाहीच निघाला, तर?” व्यापाऱ्यानं विचारलं.

“मग तो जाईल खाली. ऐकतोय कुठं? घरात चार तोंडं आहेत म्हणतो.”

म्हाताऱ्यानं मोती उचलला. मेणाच्या गोळीवर टेकवला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि पहिला पापुद्रा काढायला घेतला. चुलीपर्यंत आलेली सकाळची उन्हं मागे सरकत पार उंबऱ्यावर गेली, तेव्हा तो काढून झाला. मग त्यानं मोती फडक्यावर ठेवला.

बाई पुढे सरकली. करड्या सालीखालून दुधावर आलेल्या सायीसारखा मोती निघाला होता, आणि आतून गुलाबी झाक मारत होता. फक्त एका कुशीला तिळाएवढा पिवळट डाग होता.

व्यापारी वाकून वाकून बघू लागला. “पाणी आहे,” तो म्हणाला. “पण डाग आहे. असाच दिलास तर माझ्याकडची जुनी होडी देतो. तळाला थोडी झिरपते, पण होडी आहे. डाग निघून गेला तर मात्र हा राणीच्या नथीत जायचा. मग नवी होडी, आणि वर कौलारू घर. एक पापुद्रा, बाई, फक्त एक.”

आता हे बोलायला त्याचं काय जात होतं? मोती बाईचा. बिघडला तर बाईचा बिघडणार होता, सुधारला तर व्यापाऱ्याला राणीचा मोती मिळणार होता.

म्हाताऱ्यानं मोती पितळी ताटात सोडला. तो गडगडत गेला आणि डागाच्या कुशीवर थांबला. पुन्हा सोडला, पुन्हा त्याच कुशीवर थांबला. मोती गोल दिसत होता, पण आतून एकीकडे जड होता. डाग वरचा नव्हताच. खालून वर आलेल्या काळ्या गाभ्याचं ते टोक होतं. अजून एक पापुद्रा काढला की सगळा काळोख बाहेर येणार होता.

त्याला हे कळलं, जसं पंचवीस वर्षांपूर्वी कळलं होतं. आणि सवयीनं त्याच्या तोंडून तोच शब्द आला, “पुरे?”

बाई एकदा मोत्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिली. “झिरपणाऱ्या होडीत त्याला कसा पाठवू? आजोबा, तुम्हीच सांगा की. तुम्हाला कळतंय ना?”

“मी विचारतो,” म्हातारा म्हणाला. “सांगत नाही.”

“का पण?”

“तसा नियम आहे.”

बाईनं डोळे मिटले. नवी होडी तिला दिसत असणार, तिच्यात बसलेला नवरा दिसत असणार. “मग काढा,” ती हळूच म्हणाली.

म्हाताऱ्यानं मोती पुन्हा मेणावर टेकवला. सुरीची धार डागाच्या कडेला लावली. आणि त्याचा हात चालेना. बाईनं ते तांबडं फडकं मांडीवर ओढून घेतलं होतं आणि तिची बोटं नकळत त्याच्या घड्या घालत होती. एक घडी, दोन घड्या. म्हाताऱ्याला एकदम फार, फार शीण आला. चाळीस वर्षांचा सगळा शीण त्या मनगटात उतरला.

त्यानं सुरी खाली ठेवली. “पुरे,” तो म्हणाला. या वेळी तो विचारत नव्हता. “बाई, हा असाच विक. खाली काळं आहे.”

व्यापारी ताडकन उठला. “बुवा, हे काय? तुमच्या आधी कुणी असं बोललंय? नियम विसरलात?”

“विसरलो नाही.”

“खाली काळं आहे हे दाखवा मग!”

“दाखवायला सोलावा लागेल,” म्हातारा म्हणाला. “सोलला तर मोती राहणार नाही. मला सिद्ध करता येणार नाही. पण कळतंय.”

बाईनं खूप वेळ विचार केला. शेवटी तिनं मोती व्यापाऱ्याच्या हातावर ठेवला आणि जुनी होडी घेतली. त्याच दुपारी म्हातारा स्वतःच पंचांकडे गेला, काय बोललो ते त्यानं सांगितलं आणि सुरी त्यांच्यापुढे ठेवली.

आता एखाद्याला वाटेल, खरं बोलला, तर लोक त्याला डोक्यावर घेतील. कसलं काय! चौथ्या दिवशी व्यापारी मोती घेऊन खाडीपलीकडच्या गावच्या सोलणाऱ्याकडे निघाला. हे कळताच गावात एकच बोभाटा झाला. बघा, आधी म्हाताऱ्यानं बाईला अडवलं, आता शेट स्वतः सोलून घेतोय. दोघांचं साटंलोटं होतं. पूर्वी घडलं होतं तेच झालं. बायका विहिरीवर म्हाताऱ्याला बघून घागरी उचलू लागल्या. वैद्यानं बोलायचं बंद केलं.

हे सगळं तो गप्प सोसत होता. पण एकदा किनाऱ्यावरून जाताना ती बाई होडीतलं पाणी उपसताना त्याला दिसली. तिनं मान वर केली, त्याला ओळखलं आणि तोंड फिरवून पुन्हा पाणी उपसायला लागली. ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन तो दारात बसून राहिला, जेवायलाही उठला नाही.

असा महिना गेला. मग एका सकाळी व्यापारी त्याच्या दारात उभा राहिला, जोडे स्वतःच हातात घेऊन. इकडेतिकडे बघून त्यानं कनवटीतून एक फडकं काढलं. आत वाटाण्याएवढा, काळपट, चिखलाचा वाळलेला गोळा असावा असा एक मणी होता.

“तो पलीकडचा नुसताच विचारत बसला,” तो कुरकुरला. “मी काढा म्हणालो. मग काळं लागलं. म्हटलं, काळ्याच्या खाली पुन्हा पांढरं असेल, तर परत काढा म्हणालो. बुवा, तुमच्या बोटांना कळतं. याच्याखाली काही आहे का? अजून एक पापुद्रा काढून बघता?”

कित्येक वर्षांत म्हाताऱ्याला हसू आलं नव्हतं, ते त्या क्षणी आलं, पण त्यात आनंद नव्हता. “माझी सुरी पंचांकडे आहे,” तो म्हणाला. “मागून आणा. बघतो.”

आणि काय सांगावं, हाव माणसाला किती आंधळं करते! व्यापारी खरंच पंचांकडे गेला. पंच म्हणाले, सुरी कशाला? तो म्हणाला, मोती सोलायचाय. पंच म्हणाले, दाखवा बघू कुठला. आणि चावडीवर, सगळ्या गावासमोर, त्यानं फडकं उलगडलं.

गाव त्या काळ्या मण्याभोवती गोळा झालं. पाणबुड्याची बायकोही तिथं होती. तिनं मणी बोटांत धरला, पुन्हा फडक्यावर ठेवला आणि थेट म्हाताऱ्याच्या घरी आली.

“आजोबा, मी तुमच्यावर संशय घेतला,” ती म्हणाली आणि तिला रडू आलं. “होडीला दोन फळ्या नव्या ठोकल्या. आता झिरपत नाही. तो रोज वरनंच जाळं टाकतोय. आणि मी तुम्हाला शिव्या देत होते.”

“तुझी चूक नाही गं,” म्हातारा म्हणाला. “चाळीस वर्षं ज्यानं तोंड उघडलं नाही, तो एकदम बोलला तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?”

संध्याकाळच्या आत पंच सुरी घेऊन आले. नियम मोडणाऱ्याला सुरी परत देण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता, त्यामुळे त्यांनी ती नुसतीच पुढे केली. म्हाताऱ्यानं सुरी घेतली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

“सोलेन, होईल तितकं,” तो म्हणाला. “पण नियम बदला. जो सोलतो त्यानं काय कळतंय ते बोललंच पाहिजे. खोटं बोलला तर सुरी काढून घ्या. गप्प बसला, तरीही काढून घ्या.”

पंचांनी मान डोलावली. सगळं नीट झालं, आता म्हाताऱ्याला शांत झोप लागावी. पण त्याला लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत वरच्या आळीत गेला. चार घड्यांचं फडकं कमरेला खोचून गेलेल्या त्या माणसाचं घर तिथं होतं. माणूस केव्हाच वारला होता. त्याची लेक ओसरीवर तांदूळ निवडत होती, तिचेही केस आता पिकायला लागले होते. नाकात नथ नव्हती.

“तुझ्या बापानं माझ्याकडे मोती आणला होता,” म्हातारा उभ्याउभ्याच म्हणाला. “तुझ्या लग्नाच्या वेळी.”

“तुमच्याकडे?” ती चकित झाली. “नाही हो. बाबांचा मोती तर समुद्रात पडला. होडीतनं येताना हातातून निसटला म्हणाले. मला सासरी त्यावरून किती ऐकावं लागलं! मी पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही. एवढा मोती, आणि माणसाला सांभाळता येऊ नये?”

म्हातारा पायरीवर बसला.

“पडला नाही,” तो म्हणाला. “त्यांनी हरवला नाही. त्यांनी मला अजून एक पापुद्रा काढायला सांगितला. खाली काही नाही हे मला कळत होतं. एक शब्द बोललो असतो तर तुझी नथ झाली असती. मी बोललो नाही. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, स्वतःच्या मोहाचंही नाही. समुद्राचं घेतलं.”

लेकीचे हात सुपातच थांबले. आतल्या खोलीतल्या लाकडी पेटीकडे ती बघत राहिली. “त्या पेटीत एक तांबडं फडकं आहे,” ती म्हणाली. “घडी घातलेलं. रिकामं. ते का जपलंय, असं मी त्यांना किती वेळा विचारलं. ते नुसते हसायचे.”

मग तिनं पदर डोळ्यांना लावला आणि ती बापासाठी रडली, पहिल्यांदा पोटभर रडली. म्हातारा पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळानं ती उठली, आतून पाण्याचा तांब्या आणून तिनं त्याच्यापुढे ठेवला.

“सांगितलंत ते बरं केलंत, आजोबा,” ती म्हणाली. “पण फार उशिरा सांगितलंत.”

“हो,” म्हातारा म्हणाला. “फार उशिरा.” आणि त्यानं तांब्या तोंडाला लावला.

तात्पर्य विचाराल, तर ते म्हातारा पुढे दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा तेच: ज्याला कळतं, त्यानं नुसतं विचारून हात झटकू नयेत, वेळेवर बोललेला एक खरा शब्द कुठल्याही मोत्याहून दुर्मीळ असतो, आणि उशीर झाला की तो सोलून काढता येत नाही.